भुतं कोकणात, वाचक भुसावळात

१८८८ साली अलाहाबादच्या ए. एच. व्हीलर कंपनीने रेल्वेच्या फलाटांवर विकण्यासाठी एक पुस्तकमाला काढली. कागदी वेष्टन, हातात मावेल असा आकार, किंमत एक रुपया. लेखक होता अलाहाबादच्याच ‘पायोनिअर’ पत्रात काम करणारा, मुंबईत जन्मलेला बावीस वर्षांचा पत्रकार रुडयार्ड किपलिंग. मालेतल्या सहा पुस्तकांपैकी पाचव्याचं नाव होतं ‘द फँटम रिक्षा’. झिडकारलेली प्रेयसी झुरून मरते आणि सिमल्याच्या रस्त्यांवर तिची रिक्षा त्या साहेबाला पुन्हा पुन्हा दिसू लागते, अशी शीर्षककथा. त्याच पुस्तकात डाकबंगल्यात मुक्कामाला आलेल्या आणि शेजारच्या खोलीत रात्री बिलियर्डचे चेंडू आपटताना ऐकणाऱ्या प्रवाशाचीही गोष्ट आहे. भुताची गोष्ट तोवर अंगणात, गच्चीवर, शेकोटीपाशी फुकट मिळायची. व्हीलरने ती फलाटावर, सिग्नल पडेपर्यंतच्या मोकळ्या वेळात, रोकड्या भावाने विकायला ठेवली.

मुंबईहून अलाहाबादला जाणारा सलग लोहमार्ग त्याआधी अठरा वर्षं, म्हणजे १८७० साली पुरा झाला होता. त्या मार्गावर तापीच्या दक्षिणेला जे जंक्शन लागतं, ते भुसावळ.

मराठी भयकथेचा इतिहास लिहिताना भुसावळचं नाव सहसा कुणाला सुचत नाही. सुचायचं कारणही नाही. इथे ना कोकणातला शेवाळलेला वाडा, ना माजघरातला अंधार. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो आणि भरदुपारी रस्ते ओस पडतात. पण या साहित्याला लेखकाइतकीच वाचकाची गरज असते, आणि वाचक म्हणून पाहिलं तर या गावाची घडण वेगळी आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने १८६०च्या दशकात इथे रूळ आणले, एक फाटा नागपूरकडे आणि एक खंडव्याकडे काढला, लोको शेड उभी केली, क्वार्टर्स बांधली. आधीचं लहानसं खेडं बघता बघता तीन पाळ्यांत जागणारं गाव झालं. ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, केबिनमन, पॉइंट्समन, तिकीट तपासनीस आणि त्यांच्या जोडीला देशभरातून आलेली कुटुंबं. रात्रपाळी ही इथे अपवादाची गोष्ट नव्हती, तो घराघरातला दिनक्रम होता.

रात्री दोनला दार वाजलं तर बाकीच्या महाराष्ट्रात छातीत धस्स होतं. रेल्वे कॉलनीत मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्या थापेचा अर्थ ठरलेला होता: कॉलमन आला. मोबाइल येण्याआधी गाडीवर जाणाऱ्या कर्मचाऱ्याला उठवायला माणूस घरी यायचा. हातात कंदील किंवा बॅटरी, बगलेत कॉलबुक. झोपेतल्या ड्रायव्हरने उंबऱ्यात उभं राहून वेळ टाकून सही करायची, तोवर घरातल्या बाईने स्टोव्ह पेटवलेला असायचा. बाहेरगावच्या कर्मचाऱ्यांसाठी रनिंग रूम. तिथे कुणी भल्या पहाटे झोपायला येतो, कुणी मध्यरात्री उठून जातो आणि ज्याची गाडी उशिराची असते तो मधले तास कसे काढायचे या विवंचनेत असतो. पत्ते, चहा, गप्पा किंवा हाताला लागेल ते पुस्तक. भयकथा आणि रहस्यकथा अशाच तासांसाठी लिहिल्या गेल्या.

अर्थात भुतं काही रेल्वेने आणलेली नाहीत. छापखान्याच्या आधीपासून खानदेशात ती नांदत होती, आणि छापखाना आला तेव्हाही पहिल्या रांगेत हजर होती. मराठी गद्य छापायला लागलं तेव्हाच्या सुरुवातीच्या पुस्तकांत सदाशिव काशीनाथ छत्र्यांची ‘वेताळपंचविशी’ आहे. खांद्यावर प्रेत, प्रेतात वेताळ आणि वेताळाच्या तोंडी गोष्ट, ही रचना मराठी वाचकाने अक्षरओळखीबरोबरच गिरवली. गावात गोष्टी सांगायची ठिकाणंही ठरलेली. उन्हाळ्यात धाब्याच्या घरावर अंथरुणं पडायची. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी. कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ करून त्यात मोठाली हिरवी वांगी भाजायची. ती ठेचून, मिरची-लसणाचा ठेचा आणि कांद्याची पात घालून तयार व्हायला तास-दीड तास जातो. जाळ खाली बसतो, केळीच्या बागेतून गारठा अंगावर येतो, आणि कुणीतरी सुरू करतो: अमक्याच्या मळ्यात, तमक्या विहिरीपाशी. लेवा बोलीत असो की पश्चिमेकडच्या अहिराणीत, पात्रं तीच असतात. पिंपळावरचा मुंजा, विहिरीतल्या आसरा, वाटेवरचा चकवा, माळावरची हडळ.

यातल्या मुंज्याची इथली गत बघण्यासारखी आहे. मुंज झाली पण सोडमुंजेआधीच जो मुलगा वारला, त्याचा मुंजा होतो ही समजूत महाराष्ट्रभर सारखीच. भुसावळपासून जवळच, यावल तालुक्यातल्या अट्रावलला मात्र मुंजोबाचं देवस्थान आहे आणि माघ महिन्यात त्याची यात्रा भरते. लोक नवस फेडायला सहकुटुंब जातात. भुताला घाबरायचं, मग त्याला नैवेद्य दाखवायचा, मग त्याच्या नावाने पाळणे आणि रेवड्यांची दुकानं लावायची, असा हा सगळा प्रवास. जून २०२४ मध्ये आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘मुंज्या’ हा हिंदी चित्रपट आला आणि त्याने शंभर कोटींच्या वर धंदा केला. त्यातला मुंज्या कुठला? कोकणातला.

ही काही आजची गोष्ट नाही. मराठी भूत कोकणातलंच, हा पायंडा इंग्रजी अमदानीतच पडला. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांना लोकसमजुती जमवण्याचा नाद होता. शाळामास्तरांकडून भुताखेतांची, देवदेवस्कीची, उताऱ्या-गंड्यांची माहिती ते मिळवत. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’चा प्रयोग बघायला ते गेले असताना अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यांचे कागद पुढे आर. ई. एन्थोव्हेन यांनी संपादून दोन भागांत छापले. पहिला गुजरातचा, दुसरा १९१५ साली निघालेला कोकणचा. नाशिकात बसलेल्या कलेक्टरने जमवलेल्या भुतांत शेजारच्या खानदेशाला स्वतंत्र भाग मिळाला नाही. छापील भुताचा पत्ता तेव्हापासून सह्याद्रीच्या पलीकडचा झाला.

खानदेशाने मराठीला भयाचा एक अस्सल नमुना दिला तो मात्र कथाकाराने नाही, कवीने. त्र्यंबक बापूजी ठोमरे म्हणजे बालकवी, जन्म १८९०, गाव धरणगाव. शाळेच्या पुस्तकांनी त्यांना फुलांचा आणि पावसाचा कवी करून टाकलं आहे. पण त्यांच्या ‘खेड्यातील रात्र’ या कवितेत फुलं नाहीत. आहे ती ओसाडी, पडझड आणि अंधारात जागं असलेलं काहीतरी. एकही भूत पुढे न आणता अंगावर काटा आणण्याची करामत त्यात आहे, आणि पुढच्या कितीतरी भयकथाकारांना ती साधलेली नाही. ५ मे १९१८ रोजी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, जळगाव आणि भुसावळच्या मधल्या भादली स्टेशनाजवळ रूळ ओलांडताना गाडीखाली सापडून बालकवी गेले. त्या कवितेचा वारसा पुढे चालवणारं गद्य खानदेशात उभं राहिलं नाही. भीतीचा छापील माल बाहेरून, गाडीने येत राहिला.

तो माल पिकवणाऱ्या माणसांकडे पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. मराठीत भय आणि रहस्य लिहिणं हे जवळजवळ नेहमीच दुसरा उद्योग सांभाळून करायचं काम राहिलं. साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावर त्याला जागा नव्हती, समीक्षेत उल्लेख नव्हता, अभ्यासक्रमात तर प्रश्नच नव्हता. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड ही त्यांची माणसं घरोघरी ठाऊक झाली. तरी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांची बोळवण दोन-चार ओळींत होते. त्यांच्या वाचकाने वाट करून दिली ती खास भयकथेला, आणि त्या वाटेवर सगळ्यांत लांब गेले नारायण धारप.

धारपांचा जन्म २७ ऑगस्ट १९२५चा, निधन १८ ऑगस्ट २००८चं. शिक्षण विज्ञान-तंत्रज्ञानाचं, काही काळ आफ्रिकेत नोकरी, परतल्यावर व्यवसाय, आणि या सगळ्याच्या कडेकडेने शंभराहून अधिक पुस्तकं. त्यांच्या ‘समर्थ’ मालिकेतला नायक अनिष्ट शक्तींशी लढतो, पण त्याची पद्धत मांत्रिकाची कमी आणि शिस्तशीर अभ्यासकाची जास्त. धारपांची हुकमत तपशिलावर. एखादं साधं मध्यमवर्गीय बिऱ्हाड, नवीन घर, पगार, स्वयंपाक, शेजारी हे सगळं इतक्या निवांतपणे मांडायचं की वाचक त्या घरात राहायलाच जातो. मग पाचव्या-सहाव्या पानावर एक दार, जे काल उघडत होतं, ते आज उघडत नाही. परदेशी मालावर त्यांची नजर बारीक होती. ‘लुचाई’मागे स्टीफन किंगची ‘सेलम्स लॉट’ आहे आणि ‘शपथ’मागे त्याचीच ‘इट’. धारपांनी नुसती नावं बदलली नाहीत. अमेरिकेतलं लहानसं गाव उचलून त्यांनी मराठी वस्तीत असं वसवलं की अनेक वाचकांना मूळ पुस्तकाचा पत्ता वर्षानुवर्षं लागला नाही.

किंग आणि धारप यांच्यातला खरा फरक पैशाचा. किंग शाळामास्तर होता, त्याआधी लॉन्ड्रीत राबलेला. ‘कॅरी’ त्याने फिरत्या घराच्या कोपऱ्यात टाइपरायटर मांडून लिहिली. १९७४च्या त्या कादंबरीला आगाऊ मानधन मिळालं अडीच हजार डॉलर, आणि नंतर नुसत्या स्वस्त आवृत्तीचे हक्क गेले चार लाखांना. नोकरी सुटली ती कायमची. मराठीत ही वाट नव्हती, कारण इथे पुस्तक विकत घेणारा वाचक थोडा आणि वाचनालयातून नेणारा पुष्कळ. धारपांच्या कादंबरीची प्रत फिरत्या वाचनालयात गेली की ती शिलाई सुटेपर्यंत फिरायची. जाड पुठ्ठा, पाठीवर चिकटवलेला क्रमांक, मागच्या पानावर तारखांचे शिक्के, आणि हमखास कुणीतरी पेन्सिलीने शेवट फोडून ठेवलेला. एका प्रतीमागे शेकडो वाचक, लेखकाच्या पदरी मात्र एकाच प्रतीचं मानधन. भुसावळसारख्या नोकरदारांच्या गावात महिन्याच्या वर्गणीवर चालणाऱ्या वाचनालयांनी धारपांना मोठं केलं, आणि त्याच हिशेबामुळे निव्वळ लेखणीवर जगणं अवघड करून ठेवलं.

रत्नाकर मतकरींची गोष्ट याच चौकटीतली. १९३८चा जन्म. बँक ऑफ इंडियात ते नोकरीला होते, आणि १९७८ साली नोकरी सोडून पूर्णवेळ नाटक-लेखनाकडे वळले, तोपर्यंत नाटककार, बालनाट्यवाले आणि गूढकथाकार म्हणून त्यांचं नाव झालेलं होतं. ‘खेकडा’, ‘फाशी बखळ’, ‘ऐक... टोले पडताहेत!’ हे त्यांचे संग्रह. धारपांचं भय बाहेरून येतं, दाराखालच्या फटीतून. मतकरींचं माणसाच्या मनातच दबा धरून असतं, आणि भूत आहे की नाही हा निकाल ते पुष्कळदा वाचकावर सोडतात. १७ मे २०२० रोजी करोनाने त्यांचं निधन झालं. या दोघांना पोसलं दिवाळी अंकांनी. अनंत अंतरकरांचा ‘नवल’, रहस्यकथांसाठी नावाजलेला ‘धनंजय’, असे काही अंक या प्रकाराला सन्मानाने जागा देत. वर्षाकाठी एकदा, फराळाच्या डब्याशेजारी, भूत अधिकृतपणे बैठकीच्या खोलीत यायचं.

वाचकाचा प्रेक्षक झाला तो साधारण १९७०च्या पुढे, आणि तिथेही घरगुती कारभारच कामाला आला. फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आलेले एफ. यू. रामसे मुळात रेडिओचे व्यापारी. चित्रपट काढून हात पोळले. १९७० सालच्या ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ या पडलेल्या चित्रपटात पृथ्वीराज कपूर मुखवटा घालून चोरी करतात असा एक प्रसंग होता. चित्रपटात लोकांना तेवढाच आवडला, हे मुलांनी हेरलं. सात भावांनी कामं वाटून घेतली, जोसेफ मॅसेलीचं छायाचित्रणावरचं पुस्तक घेऊन श्रीनगरच्या हाउसबोटीवर शिकवणी झाली, आणि महाबळेश्वरला मुक्काम ठोकून ‘दो गज जमीन के नीचे’ चित्रित झाला. १९७२ साली तो चालला आणि एक धंदा जन्माला आला. १९८४चा ‘पुराना मंदिर’ तर देशभर तुफान गेला. त्यातला साडेसहा फुटांच्या घरातला राक्षस सामरी झालेला अनिरुद्ध अगरवाल हा रुरकीला शिकलेला स्थापत्य अभियंता. इथेही पोटापाण्याची विद्या वेगळी आणि भीतीचं काम वेगळं.

रामसेंची कमाई महानगरांतल्या चकचकीत चित्रगृहांतून नव्हे, तर मध्यम आणि लहान गावांतून झाली. रात्री नऊ ते बाराचा शेवटचा खेळ, खाली स्टॉलमध्ये शिट्ट्या, बाल्कनीत डोळ्यांवर पदर. पुढे रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ आले. रात्रभरासाठी व्हीसीआर भाड्याने आणायचा, चार कॅसेटी आणायच्या, गल्लीने वर्गणी काढायची. त्यात एक देवाची, एक मारामारीची आणि एक भुताची असा हिशेब. मध्यरात्रीनंतर लहान मुलं झोपली असं समजून भुताची लावली जायची, आणि मुलं पांघरुणाच्या फटीतून सगळं बघत असायची. १९९३ साली रामसे ‘झी हॉरर शो’ घेऊन थेट घरात आले, १९९५ला सोनीवर बी. पी. सिंग यांची ‘आहट’ सुरू झाली. आज चाळिशी-पंचेचाळिशीत असलेल्या मराठी भयकथाकारांची शाळा ती हीच.

भयपट हा कमी भांडवलाचा धंदा आहे, हे जगभर सिद्ध झालेलं. जॉर्ज रोमेरोने १९६८ साली पिट्सबर्गमध्ये, जाहिरातपट काढणाऱ्या मित्रांच्या जोरावर ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ केला. चित्रपट कृष्णधवल असल्याने रक्ताऐवजी चॉकलेटचं सिरप चाललं. खानदेशाच्या वेशीवर, मालेगावात, नासिर शेख यांनी अशीच हिंमत दाखवली. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या या माणसाने यंत्रमागावरच्या कामगारांना घेऊन २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. त्या चळवळीवर फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला, २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ही आला. मालेगावने निवडली ती विडंबनाची वाट. हसवायला जितकं धाडस लागतं तितकंच घाबरवायला लागतं, पण हसलेला प्रेक्षक लगेच दिसतो.

मराठी चित्रपटानेही बराच काळ हसण्याच्याच बाजूने कौल दिला. १९७६चा ‘हा खेळ सावल्यांचा’ गंभीर होता. त्यातल्या एका गाण्याच्या ओळीवरून चाळीस वर्षांनी झी मराठीवरच्या ‘रात्रीस खेळ चाले’ मालिकेला नाव मिळालं, आणि ती मालिकाही पुन्हा कोकणातच घडली. एरवी भूत म्हणजे विनोदाची संधी. महेश कोठारेंच्या १९९३च्या ‘झपाटलेला’त रामदास पाध्ये यांच्या बोलक्या बाहुल्याने तात्या विंचू अजरामर केला. कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ची, बोलणं मात्र अस्सल इथलं.

गंभीर भयपटाची कोंडी फुटली ती एका हट्टी माणसामुळे. राही अनिल बर्वे हे नाटककार अनिल बर्वे यांचे चिरंजीव. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात मुक्कामाला असताना एका मित्राने त्यांना धारपांची गोष्ट सांगितली आणि ते भेदरले. भुसावळहून पूर्वेकडे जाणारे रूळ नागपूर ओलांडून ज्या गोंदिया जिल्ह्यात पोचतात, तिथलं हे जंगल. पुस्तक हाताशी नाही, लेखक समोर नाही, कुणीतरी अंधारात गोष्ट सांगतो आहे: वाचनालयाने मोठी केलेली भयकथा पुन्हा शेकोटीपाशी पोचली होती. बर्वेंनी १९९७ साली पहिला खर्डा लिहिला. निर्माते आले-गेले, चित्रीकरण झालं, मनाजोगं झालं नाही म्हणून पुन्हा झालं, खऱ्या पावसासाठी पावसाळ्यांमागून पावसाळे थांबले. सोहम शाह यांनी निर्मिती आणि मुख्य भूमिका दोन्ही रेटल्या. १२ ऑक्टोबर २०१८ला ‘तुंबाड’ लागला. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून, त्यातल्या आजीची भीती धारपांच्या कथेतून, आणि भूमी अर्थातच कोकणातली.

खानदेशात लिहिण्यासारखं भय नाही, असं मात्र म्हणता येत नाही. उलट ते इतकं खरं आहे की करमणुकीसाठी हात लावताना लेखक कचरावा. सातपुड्याच्या रांगांत, नंदुरबार-धुळ्याच्या डोंगरी पाड्यांवर, गावात मूल दगावलं, गुरं मेली, साथ आली की भगताला विचारलं जातं आणि भगत एखाद्या बाईकडे बोट दाखवतो. ती डाकीण ठरते. मग मारहाण, गावाबाहेर काढणं, काही वेळा खून. बहुतेक वेळा ही बाई विधवा किंवा एकटी असते, आणि मागे जमिनीचा तुकडा असतो. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी या भागात वर्षानुवर्षं काम केलं. २० ऑगस्ट २०१३ रोजी समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा पुण्यात खून झाला, चार दिवसांनी जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाअखेर त्याचा कायदा झाला. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड अशी त्यात शिक्षा आहे.

भयकथाकाराची अडचण इथे सुरू होते. चेटकीण हे या साहित्यातलं हुकमी पात्र. धारपांच्या एका कादंबरीचं तर नावच ‘चेटकीण’. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ती कल्पनेतली वाटते म्हणून मजा येते. भुसावळहून तीन-चार तासांच्या अंतरावरच्या पाड्यात तो शब्द म्हणजे आरोपपत्र असतो. तेव्हा गोष्टीतला राक्षस कोण हे ठरवणं लेखकाला भाग पडतं: झोपडीतली म्हातारी, की मशाली घेऊन तिच्या दाराशी आलेला जमाव?

हा प्रश्न ज्या मराठी चित्रपटाने नीट हाताळला, तो विशाल फुरिया यांचा २०१७चा ‘लपाछपी’. पूजा सावंतने साकारलेली गरोदर नेहा, उषा नाईक यांची गोड बोलणारी काकू, उसाच्या फडात एकाकी उभं घर. अंधार जवळजवळ नाहीच. सगळं भय लख्ख उन्हात आणि उंच, सारख्याच दिसणाऱ्या पिकाच्या भिंतींत. मुळाशी आहे मुलींची हत्या. या चित्रपटाने भूत कोकणातून उचलून पठारावर आणलं. चार वर्षांनी फुरियांनीच त्याचा हिंदी अवतार ‘छोरी’ केला. २०११च्या जनगणनेत मुलींचं प्रमाण चिंताजनकरीत्या घसरलेल्या जिल्ह्यांत जळगावचं नाव होतं, हे लक्षात घेतलं तर ती गोष्ट उसाऐवजी केळीच्या बागेतही घडू शकली असती. रावेर-यावलच्या बागांत रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला भीतीचे वर्ग भरवावे लागत नाहीत. शेतीपंपाला वीज मिळते ती पुष्कळदा रात्री, आणि हिरव्या बोगद्यातून बॅटरीच्या उजेडात वाफ्यापर्यंत चालत जावं लागतं. २०१७च्या हिवाळ्यात चाळीसगाव तालुक्यात एका बिबट्याने बळींमागून बळी घेतले, तेव्हा अख्ख्या गिरणा खोऱ्याने दिवेलागणीनंतर दारं लावून घेतली होती. शेवटी डिसेंबरात त्याला गोळी घालावी लागली.

लिहायचं ठरवलं तर आज साधनांची वानवा नाही. २०१४ साली बंगळुरात सुरू झालेल्या ‘प्रतिलिपी’वर मराठी भयकथेच्या मालिका भाग पाडून लिहिल्या जातात, आणि वाचक पुढच्या भागासाठी लेखकाच्या मागे लागतात. २०१७च्या अखेरीस आलेल्या ‘स्टोरीटेल’ने मराठी गोष्ट पुन्हा कानावर आणली. किंडलवर मराठी पुस्तक स्वतःच प्रकाशित करता येतं. छापील बाजूला हृषीकेश गुप्ते यांच्या ‘अंधारवारी’, ‘दैत्यालय’ आणि ‘दंशकाल’ने या प्रकाराला साहित्य म्हणून वाचायला लावलं. तेही रायगडच्या मातीतले, म्हणजे पुन्हा कोकणचे. धारपांची पुस्तकं नव्या मुखपृष्ठांनिशी साकेत प्रकाशनाने बाजारात आणली आहेत. मधला दलाल गेला तरी जुना हिशेब फारसा बदललेला नाही. वाचक हजारोंनी, मिळकत तुटपुंजी, आणि लेखक दिवसा शाळेत, बँकेत, दवाखान्यात किंवा रेल्वेतच कामाला.

१३ सप्टेंबर २०२४ला ‘तुंबाड’ पुन्हा चित्रगृहांत लागला. पहिल्या वेळी जेमतेम चाललेल्या या चित्रपटाने दुसऱ्या वेळी मूळ कमाईला मागे टाकलं. सहा वर्षांत तो बदलला नव्हता, त्याचा प्रेक्षक तयार झाला होता, आणि तो केवळ मुंबई-पुण्यात झाला नव्हता. भुसावळच्या एखाद्या रात्रपाळीवाल्याने आता कॉलमनची, केळीच्या बागेतल्या पाण्याच्या पाळीची किंवा डाकीण ठरवलेल्या बाईची गोष्ट लिहायला घेतली, तर ती वाचायला माणसं आहेत. ‘खेड्यातील रात्र’नंतर शंभर वर्षं इथली जागा रिकामी आहे.